मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात टिकणारा काळा रंग: पिस्तुलाच्या स्लाइडच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

अप्पाकाकांनी आज कपाटातून पिस्तूल काढून मला दाखवले. मॅगझिन बाहेर, चेंबर दोनदा पाहिले, करंगळी घालून एकदा चाचपले, मगच पंचावर ठेवले. फौजेतली सवय. बत्तीस बोअरचे पिस्तूल, पोलादी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग), एके काळी काळीकुळकुळीत. आता डाव्या अंगाला बोटाएवढा गोल गंजाचा डाग आहे. दसऱ्याला तिथेच कुंकू लागते. उजव्या अंगाला कातडी म्यानाची शिवण टाक्यासकट उमटली आहे.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. गेल्या दसऱ्याला ओले कुंकू आणि पाणी शिंपडलेली झेंडूची फुले रात्रभर स्लाइडवर राहिली. सकाळी फडक्याने पुसून पिस्तूल म्यानात गेले आणि म्यानासकट कपाटात. कातडे ओल धरून ठेवते, शिवाय कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. आमचे घर रत्नागिरीजवळ मिऱ्याला, पडवीतून समुद्र दिसतो. पावसात माजघरातले मीठ पाणी सोडते तिथे लोखंडाची काय कथा. म्यानात ठेवायचा सल्ला माझाच होता, तेव्हा ही चूक माझ्या नावावर.

अप्पा म्हणाले, "तुझा कारखाना आहे ना? मग काळे करून दे. यंदाच्या दसऱ्याच्या आत."

दसरा २ ऑक्टोबरला. हातात पावणेचार महिने.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण हे वाचून कोणी करायला जाईल. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती त्या कामाचा परवाना असणाऱ्यानेच करायची असते आणि स्लाइड हा शस्त्राचाच भाग. माझ्याकडे लेथ आहे, मिलिंग आहे, तो परवाना नाही. म्हणून ठरवले ते असे: कोणता लेप द्यायचा हे मी साध्या पोलादी पट्ट्यांवर शोधायचे, आणि खरी स्लाइड अप्पांनी स्वतः कोल्हापूरच्या परवानाधारक कारागिराकडे न्यायची. खाली जी मोडतोड दिसेल ती सगळी पट्ट्यांची आहे.

११ जून

पट्ट्या कापल्या. ईएन-१९ घेतले, कारण स्लाइडसाठी वापरतात त्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या जवळचे आणि आपल्या बाजारात सहज मिळणारे तेच. ६० × २५ × ६ मिलिमीटर, तीस नग. प्रत्येक पट्टीत एका बाजूला ४ मिलिमीटरचे बंद भोक आणि दुसऱ्या कडेला लांब खाच. भोक म्हणजे फायरिंग पिनचा (गोळीवर आपटणाऱ्या काडीचा) बोगदा, खाच म्हणजे रेल, जिच्यावर स्लाइड मागेपुढे सरकते. सपाट पट्टीवर सगळेच लेप चांगले दिसतात, दगा भोकात आणि कोपऱ्यात होतो. ही दोन कामे केली नसती तर पुढचे निम्मे शहाणपण आले नसते.

सगळ्या पट्ट्यांचे पोलाद मिळून ३५० रुपये. हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून, विझवून कठीण करणे आणि पुन्हा तापवून थोडे मऊ करणे) ६०० रुपये, कारण कमीत कमी लॉटचा दर तोच. टेम्परिंग ५४० अंशांवर सांगितले. चार दिवसांनी पट्ट्या आल्या, कठीणपणा ३४ ते ३५ रॉकवेल.

१६ जून

पहिला फटका. सगळ्या तीस पट्ट्या एकदम ब्लास्ट केल्या, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून खरखरीत केल्या. कण १२० नंबरच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, सुंदर एकसारखा राखाडी पोत आला. जेवायला गेलो. पाऊण तासाने परत येतो तो दारालगतच्या अकरा पट्ट्यांवर केशरी पावडर. ब्लास्ट केलेले पोलाद म्हणजे सोललेली जखम, आणि बाहेर धो धो पाऊस. अकराच्या अकरा पुन्हा ब्लास्ट कराव्या लागल्या.

तेव्हापासूनचा नियम: पुढच्या पायरीची टाकी तापलेली असेल तरच ब्लास्टिंग, तेही चार पट्ट्यांपुरते, आणि ब्लास्टपासून टाकीपर्यंत दहा मिनिटांच्या आत. उघड्या हाताने पट्टीला शिवायचे नाही. आमच्याकडच्या एका मुलाचा अंगठा एका पट्टीवर लागला होता. दुसऱ्या दिवशी त्या अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट गंजून उठल्या.

ब्लास्टिंगला किनाऱ्यावरची वाळू वापरू नका. तिच्यातले मीठ पोलादात ठोकले जाते, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते ती परत येत नाही.

१७ जून

चार पट्ट्या पुण्याला सॉल्ट बाथ नायट्रायडिंगसाठी (वितळलेल्या क्षारात बुडवून पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) पाठवल्या. लॉटचा किमान दर १,८०० रुपये, कुरिअर वेगळे. डीएलसी, पीव्हीडी या निर्वात पेटीत चढवायच्या पातळ थरांचा विचार सोडला. थर कमालीचा कठीण असतो हे खरे, पण जाडी दोन-चार मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यात सूक्ष्म छिद्रे. खाली स्टेनलेस असेल तर उत्तम. साध्या पोलादावर खारी हवा त्या छिद्रांतून आत शिरते.

१९ जून

कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता पोलाद काळे करणे. बाटलीतले द्रावण, बोळ्याने लावायचे, अर्ध्या मिनिटात काळे. फोटो काढण्यासारखे दिसले. रात्री धुऊन, कोरडे करून ठेवले, सकाळी भोकाच्या तोंडाशी गंजाची कड. द्रावण आम्लाचे असते. भोकात राहिलेला थेंब रात्रभर काम करत राहिला. पुढच्या दोन पट्ट्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, उकळत्या पाण्यात धुऊन, लगेच तेलात टाकल्या. तो डाग टळला. पण फडक्याने जरा जोरात पुसले की कडांवर पोलाद चमकते. ओरखडा झाकायला ठीक, अख्ख्या स्लाइडला नाही.

२२ जून

ब्लॅकोडायझिंग, म्हणजे उकळत्या द्रावणात पोलाद काळे करणे. मिरजोळे एमआयडीसीत ओळखीच्या एकाची टाकी आहे, कॉस्टिक आणि नायट्राइटची, रोज नटबोल्टचे लॉट निघतात. १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवतात. माझ्या पहिल्या दोन पट्ट्या लालसर तपकिरी निघाल्या. टाकीतले पाणी उडून द्रावण दाट झाले होते आणि तपमान १५० च्या पुढे गेले होते. त्यांनी लांब दांड्याच्या डोयाने कडेकडेने थोडे थोडे पाणी सोडले. तरी टाकी अशी खवळली की मी दोन पावले मागे सरलो. तोंडावर शील्ड आणि कोपरापर्यंत हातमोजे असल्याशिवाय त्या टाकीजवळ कोणी जाऊ नये. पाणी एकदम ओतले तर उकळते कॉस्टिक अंगावर येते, आणि डोळ्यात गेले तर डोळा जातो.

तपमान उतरल्यावर पुढच्या पट्ट्या वीस मिनिटांत निळसर काळ्या झाल्या. अप्पांच्या पिस्तुलावर मूळ जो रंग होता तो हाच. त्यांना दाखवली तर बराच वेळ बोटात फिरवत राहिले. "हाच रंग." एवढेच बोलले.

मला तेव्हाच धाकधूक वाटली. हा थर एक-दोन मायक्रॉनचा. गंज रोखायचे काम त्यात बसलेले तेल करते.

२६ जून

तीच पट्टी चार दिवसांनी पाहिली. भोकातून पांढरी, पिठूळ कड बाहेर आली होती, करंजीतून सारण फुटावे तशी. आत अडकलेले कॉस्टिक दमट हवेत पाणी ओढून बाहेर झिरपत होते. पांढऱ्याखाली तपकिरी. थंड पाण्याने धुऊन भागत नाही. उरलेल्या दोन पट्ट्या उकळत्या पाण्यात अर्धा तास, पाणी दोनदा बदलून, मग पाणी हुसकावणाऱ्या डी-वॉटरिंग तेलात रात्रभर. त्या स्वच्छ राहिल्या.

३० जून ते ९ जुलै

रस्ट ब्लू. या कामाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. आम्लाचे पातळ द्रावण पुसटसे लावायचे, पट्टी दमट जागी टांगायची, मखमलीसारखा बारीक गंज चढू द्यायचा, मग पाण्यात उकळायचे. तांबूस गंज उकळता उकळता काळा होतो. तो तेल काढलेल्या स्टील वूलने हलकेच घासायचा. पुन्हा द्रावण, पुन्हा टांगणे. कोरड्या मुलखात यासाठी दमट पेटी बनवतात. आषाढातल्या मिऱ्यात पडवीला दोरी बांधली की झाले. चार तासांत गंज तयार.

पहिल्या तीन फेऱ्या वाया गेल्या. उकळायला आमच्या विहिरीचे पाणी घेतले होते. प्यायला गोड लागते, पण समुद्राशेजारची विहीर, क्षार असतातच. काळ्यावर राखाडी ठिपके उमटले, घासून गेले नाहीत. पट्टी कोरी करून पुन्हा सुरुवात, या वेळी बॅटरीच्या दुकानातले डिमिनरलाइझ्ड पाणी. स्टील वूलवरही कारखान्यातले तेल असते. ॲसिटोनमध्ये पिळून घेतले नाही तर त्याचे पट्टे उठतात.

सातव्या फेरीला रंग भरला. मंद, खोल काळा, चमक नाही. आषाढी एकादशीच्या दिवशी उपासाचे ताट बाजूला ठेवून पट्टी घासत बसलो होतो, घरातून दोन हाका आल्या तरी उठलो नाही.

१३ जुलै

मँगनीज फॉस्फेट, म्हणजे गरम द्रावणात (बाथमध्ये) पोलादावर राखाडी, खरखरीत थर चढवणे. पहिला प्रयत्न. वाईट.

एका पट्टीवर राखाडी ढग, दुसरीवर अर्धा भाग कोराच. तीन चुका एकत्र झाल्या होत्या, एकेक सुटी करायला आठवडा गेला.

पहिली, तपमान. गॅसवर स्टीलचे पातेले ठेवले होते. थर्मामीटर तळाशी ९२ दाखवत होता, वर ८० होते. या द्रावणाला ९० ते ९५ सगळीकडे हवे. पातेले दुसऱ्या मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवून काही ते गाठता येईना, म्हणून खालून मंद आच आणि वरून सतत ढवळणे.

दुसरी, तार. पट्ट्या टांगायला हाताशी होती ती जस्त चढवलेली बाइंडिंग वायर वापरली. जस्त द्रावणात विरघळले आणि सगळा बाथ बिघडला. चार लिटर, ७२० रुपये. काळी, जस्त नसलेली लोखंडी तार वापरा.

तिसरी, नवा बाथ. ताज्या द्रावणात लोह नसते आणि पहिले दोन-तीन नग नेहमी फिके येतात. स्वच्छ स्टील वूलचा बोळा आधी तासभर उकळून घेतला की बाथ मुरतो. लोणचे मुरायला वेळ द्यावा तसे.

२० जुलै

जमले. ब्लास्ट केलेली पट्टी, धुतल्यावर पाण्याची परीक्षा. ही परीक्षा प्रत्येक लेपाला लागू आहे म्हणून नीट लिहितो. पट्टी स्वच्छ पाण्यात बुडवून उभी धरायची. पाणी अखंड चादरीसारखे ओघळले तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे चादर फाटून थेंब गोळा झाले, केळीच्या पानावर होतात तसे, तर तिथे तेल आहे. डोळ्याला न दिसणारे तेल पाण्याला दिसते. या पट्टीवर फाटणे नव्हते.

बाथमध्ये टाकल्यावर पट्टी फेसाळली. बुडबुडे बारीक होत होत अठराव्या मिनिटाला थांबले. काढली, गरम पाण्यात धुतली. गडद राखाडी, हाताला पाटीच्या दगडासारखी खरखरीत. तेलाचा थेंब टाकला तर टीपकागदाने शाई प्यावी तसा आत गेला आणि ती जागा काळी झाली. थर गेजवर ७ ते ९ मायक्रॉन.

२७ जुलै, ३ ऑगस्ट

फॉस्फेटवर भाजून पक्का होणारा कोट. बंदुकांच्या जगात सेराकोट म्हणून ओळखतात त्या जातीचा, दोन घटकांचा. मोटारसायकलचे भाग रंगवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मॅट काळ्याची अर्धी बाटली घेतली, २,४०० रुपये. १२० अंशांवर दोन तास.

आधी कुतूहल म्हणून जास्तीच्या दोन पट्ट्यांपैकी एक नुसती पॉलिश करून तिच्यावर मारला. भाजल्यावर काच वाटावी असा. कडेला नख घातले, पापुद्रा निघाला. खाली पोत नसेल तर त्याला धरायला काही नाही.

मग फॉस्फेटवर. ओव्हनमध्ये अर्ध्या तासाने भोकातून तेल पाझरले आणि कोटवर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले. ड्रिल करतानाचे कटिंग ऑइल, जूनपासून आत दडलेले, इतक्या धुण्या-उकळण्यातून वाचलेले. आता कोटच्या आधी कोरी पट्टी १५० अंशांवर तासभर तापवतो, बाहेर आलेले तेल ॲसिटोनने पुसतो, मग ब्लास्ट, मग फॉस्फेट. फॉस्फेटला तेल न लावता सरळ कोट. स्लाइडच्या बाबतीत ही पायरी शंभर टक्के लागेल, वर्षानुवर्षांचे तेल तिने प्यायलेले आहे.

दुसऱ्या खेपेला भाजणे सुरू असताना लाइट गेली, सव्वा तासाने आली. अर्धवट भाजलेली पट्टी ॲसिटोनच्या फडक्याला रंग देत होती. पूर्ण सोलून पुन्हा. कंप्रेसरच्या नळीत पाणी धरते तेही इथेच कळले. वॉटर ट्रॅप जोडेपर्यंत कोटवर धुरकट पांढरेपणा येत होता. ओव्हन वेगळा घ्या, स्वयंपाकघरातला नको. माझ्या ओव्हनची चकती १२० वर असताना आत १०१ होते, थर्मोकपल लावले म्हणून समजले.

तिसरी खेप चांगली. २४ मायक्रॉन कोट.

४ ऑगस्ट

पुण्याहून नायट्रायडिंगच्या पट्ट्या शुक्रवारीच आल्या. आजपासून सगळ्यांची परीक्षा एकत्र. प्रत्येक प्रकारच्या चार पट्ट्या: एक तेल लावून आणि एक कोरडी, दोन्हींवर रोज सकाळ-संध्याकाळ मिठाचे पाणी फवारायचे, लिटरला ५० ग्रॅम. तिसरी पडवीत समुद्राकडे तोंड करून, पागोळ्या लागणार नाहीत अशी टांगलेली. चौथी कातड्यावर घासायला, वर दोन किलोचे वजन, पाचशे फेऱ्या. प्रयोगशाळेच्या बंद पेटीतल्या चाचणीशी याचे तास जुळवू नयेत. मला एकमेकांत कोण टिकते एवढेच बघायचे होते.

५ ते ३१ ऑगस्ट

कोरी पट्टी: दुसऱ्या सकाळी केशरी.

कोल्ड ब्लू: कोरडी दुसऱ्या दिवशी, तेलाची चौथ्या दिवशी. कातड्यावर दीडशे फेऱ्यांत कडा पांढऱ्या.

ब्लॅकोडायझिंग: कोरडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हे बघून अप्पा हिरमुसले. तेलाची नवव्या दिवसापर्यंत बरी होती, मग मिठाच्या पाण्याने तेल धुतले गेले तिथे टाचणीच्या टोकाएवढे डाग. पडवीतली तेल लावलेली मात्र सत्तावीस दिवस स्वच्छ. म्हणजे कपाटात, दर आठवड्याला तेलाचे फडके फिरवणाऱ्या माणसासाठी हा लेप आजही पुरेसा आहे.

रस्ट ब्लू: याहून उजवा, तेलाची पट्टी तेराव्या दिवशी. घासण्यातही कडा टिकल्या.

फॉस्फेट: कोरडी तिसऱ्या दिवशी गेली, तेलाची एकविसाव्या दिवसापर्यंत. तेल त्या खरखरीत पोतात अडकून राहते, सहज धुतले जात नाही.

फॉस्फेटवर कोट: सत्तावीस दिवसांत एकच डाग, भोकाच्या तोंडाशी, जिथे कोट पोहोचला नव्हता. सुईने मुद्दाम मारलेल्या ओरखड्यातून गंज बाजूला पसरला नाही. पॉलिशवर मारलेल्या दुसऱ्या जास्तीच्या पट्टीवर त्याच ओरखड्यातून कोटखाली तीन मिलिमीटर सरकला. दोघांत फरक खालच्या पृष्ठभागाचा: एकीकडे ब्लास्ट आणि फॉस्फेट, दुसरीकडे नुसते पॉलिश.

नायट्रायडिंग: डाग नाही. ओरखडा उठवायला कार्बाइडचे टोक लागले.

गणपतीत, २८ आणि २९ तारखेला, फवारणी चुकली. बाकी दिवस भाच्याने न सांगता केली, त्याच्या वहीतल्या वेळाही लिहिलेल्या आहेत.

७ सप्टेंबर

रेलचा प्रश्न उरला होता. कोट मारलेल्या खाचेत बरोबर बसेल अशी पोलादी जीभ बनवून पाचशे वेळा मागेपुढे केली. कोट कडेने सोलून काळी भुकटी झाली, तेलात मिसळून शाडूसारखी चिकट. पिस्तुलात हा गाळ म्हणजे अडलेली स्लाइड. नुसत्या फॉस्फेटची खाच पाचशे फेऱ्यांनी गुळगुळीत झाली, बाकी काही नाही.

नायट्रायडिंग सगळ्यात चांगले ठरूनही बाजूला ठेवले. त्या पट्ट्यांचा गाभा तपासला: गेल्या होत्या ३४ रॉकवेलच्या, आल्या ३१ च्या. ती प्रक्रिया ५८० अंशांच्या आसपास होते आणि माझे टेम्परिंग ५४० चे होते. तापमान त्याच्या वर गेले की पोलाद आणखी मऊ होणारच. जुन्या स्लाइडचे टेम्परिंग किती अंशांवर झाले हे बाहेरून वाचता येत नाही. तीन पॉइंट माझ्या पट्टीतून गेले तर गेले. अप्पांच्या स्लाइडमधून जाऊ देणार नाही. शिवाय ती स्लाइड परवाना नसलेल्या भट्टीत पाठवणे कायद्यात बसत नाही. नव्या स्लाइडला कारखान्यातच हे करून येत असेल तर डोळे मिटून घ्यावे.

संध्याकाळी अप्पांसमोर पट्ट्या मांडल्या. त्यांनी ब्लॅकोडायझिंगची निळसर पट्टी पुन्हा उचलली.

"दिसायला हीच."

"हो अप्पा. पण तुम्ही दर रविवारी तेल लावाल का? पुढची दहा वर्षे?"

ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. बोटे आता थरथरतात, हे मला बोलायचे नव्हते आणि त्यांनाही ऐकायचे नव्हते. पट्टी खाली ठेवली, कोटची उचलली, अंगठ्याने घासली, उजेडात तिरकी धरली.

"चमकत नाही. पण काळी आहे. कर."

१२ सप्टेंबर

पहाटे निघालो. परवाना, पिस्तूल अप्पांच्या ताब्यात, गोळ्या घरी. साखरप्याला चहा, आंबा घाटात दहा फुटांवरचे दिसेना इतके धुके. अकराला कोल्हापूर.

तिथल्या कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी माझ्या पट्ट्या एकेक पाहिल्या, वह्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न केला: "नंबर कुठे आहे?" अनुक्रमांक आणि खुणा ब्लास्टिंगने पुसट झाल्या तर तो गुन्हा आहे. तिथे आधी उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावायची, आजूबाजूला हलक्या दाबाने ब्लास्ट, आणि त्या चौकोनात फॉस्फेट तेवढे जाऊ द्यायचे.

जुने ब्लूइंग, म्हणजे मूळचा काळा थर, उतरवल्यावर कुंकवाच्या डागाखाली खड्डे दिसले. भिंगातून बघितले तर मुंग्यांनी कोरल्यासारखे. माझा हात लगेच पॉलिश पेपरकडे गेला. चाचांनी थांबवले. "खड्डा मिलिमीटरच्या दहा शतांश खोल असेल. तो काढायचा तर अख्खी बाजू तेवढी खाली न्यावी लागेल. मग वरची अक्षरे राहतील का?" खड्ड्यातला गंज तेवढा काढला, खड्डे ठेवले. फॉस्फेटच्या पोतात ते बरेच बुजतात. बरोबर निर्णय होता. मी एकटा असतो तर घासत गेलो असतो.

साइट (नेम धरायची खूण), एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढणारा आकडा), फायरिंग पिन, स्प्रिंगा सगळे वेगळे. कोट फक्त बाहेरून. रेल, ब्रीच फेस (गोळीच्या बुडाला टेकणारी बाजू), पिनचा बोगदा यांना कोट नाही, फॉस्फेट आणि तेल. स्प्रिंगांना आम्लात कधीही बुडवायचे नाही. कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ती एक दिवस तडकते. चाचांनी त्या आधीच काढून डबीत ठेवल्या होत्या.

पावती घेऊन पिस्तूल त्यांच्याकडे ठेवले. परत येताना अप्पा गाडीत गप्प होते.

२७ सप्टेंबर

परत कोल्हापूर. काम झालेले. फॉस्फेटने रेलची जाडी दोन्ही बाजू मिळून ०.०१५ मिलिमीटर वाढली होती. सुरुवातीला स्लाइड जड चालत होती, चाचांनी तेल लावून शंभरेक वेळा हाताने मागेपुढे केल्यावर मोकळी झाली. डमी गोळ्यांनी भरणे-काढणे तपासले. नंबर भिंगाशिवाय वाचता येतो.

खर्च लिहून ठेवतो. पट्ट्या आणि हीट ट्रीटमेंट ९५०. नायट्रायडिंग कुरिअरसह २,०५०. बिघडलेला बाथ ७२०, दुसरा बाथ ७२०. कोट २,४००. ॲसिटोन, पाणी, पेपर, हातमोजे, वॉटर ट्रॅप मिळून १,९००. चाचांची मजुरी ४,५००. दोन फेऱ्यांचे डिझेल ३,६००. एकूण १६,८४०. वेळ साधारण एकशे दहा तास, त्यातले निदान चाळीस पुन्हा पुन्हा केलेल्या कामात गेले. तुम्हाला पट्ट्यांचा खटाटोप न करता सरळ फॉस्फेट आणि कोट करून घ्यायचा असेल तर यातले निम्म्याहून जास्त पैसे वाचतील.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटावर लाल वस्त्र, त्यावर लेथचे टूल, व्हर्नियर, अप्पांचा जुना खुकरीचा पट्टा आणि पिस्तूल. काकूंनी कुंकवाची वाटी पुढे केली. अप्पांनी बोट बुडवले, स्लाइडपर्यंत नेले आणि पाटाच्या लाकडावर टेकवले. फुले पिस्तुलाशेजारी ठेवली. आरतीनंतर लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसून पिस्तूल डब्यात. कातडी म्यान आता खुंटीला, रिकामे. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. त्या रंग बदलल्या की तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरायच्या.

७ डिसेंबर

नऊ आठवड्यांनी उघडून पाहिले. दोन्ही अंगे स्वच्छ, खड्ड्यांच्या जागीही काही नाही. मागच्या साइटच्या खाचेत, जिथे कोट नाही आणि फॉस्फेटवर साइट ठोकून बसवताना घासले गेले, तिथे केसाएवढी तपकिरी रेघ आहे. साइट बसवण्याआधी त्या खाचेत घट्ट ग्रीस भरायला हवे होते, ते राहिले. सध्या काडीला कापूस गुंडाळून तेल सोडले आहे. जानेवारीत चाचांकडे जाऊन साइट काढून, रेघ साफ करून, ग्रीस भरून परत बसवायची आहे. तोवर दर रविवारी तिथे एक थेंब, आणि तो अप्पा स्वतः घालतात.